पहिली कस्टम टॉर्च: आधी उजेड, धातू सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज खिशात एक साधी, तयार मिळणारी टॉर्च असते. आता या छंदात थोडं खोल उतरायचं आहे आणि पहिली कस्टम टॉर्च घ्यायची आहे. टायटॅनियम बरं की तांबं? ४००० लुमेन (लुमेन म्हणजे बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) पुरतील का? एलईडी कोणती आणि सेल कोणता?

तुम्ही ज्या क्रमाने विचारलंत तो क्रम उलटा करा, हे मला सगळ्यात आधी आणि आग्रहाने सांगायचं आहे. नवीन माणूस आधी धातूवर भाळतो, मग लुमेनचा आकडा बघतो आणि आत काय बसवलंय हे अगदी शेवटी विचारतो. पण रोज रात्री तुमच्या डोळ्यांसमोर येणार तो उजेड आणि अंगठ्याखाली येणार ते बटण. म्हणून आधी उजेड ठरवा, मग सेल, मग ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आणि बटण. हे जमलं की अंगावरचा धातू निवडणं सोपं जातं, आणि त्याची खरी मजाही तेव्हाच येते.

‘कस्टम’ या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. पहिली म्हणजे एखाद्या कारागिराने लेथवर स्वतः वळवलेली, थोड्या संख्येत निघणारी टॉर्च. मॅकगिझमोची टायटॅनियमची ‘हायकू’ किंवा ओक्लुमाची ‘डीसी१’ या त्या घराण्यातल्या. दुसरी म्हणजे कारखान्यातच बनलेली, पण एलईडी, रंगछटा, लेन्स, नळीची लांबी असं सगळं तुम्ही निवडून मागवता ती. एमिसारची ‘डी४व्ही२’ आणि कॉन्व्हॉयची ‘एस२+’ ही याची ठळक उदाहरणं. तिसरी म्हणजे तयार टॉर्च उघडून कुणीतरी आतली एलईडी किंवा ड्रायव्हर बदललेली, म्हणजे मॉड केलेली. पहिल्या खरेदीसाठी माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या प्रकाराला आहे. तिथे हव्या तेवढ्या गोष्टी स्वतः ठरवता येतात, आणि पुढे आवड बदलली तर कमी खर्चात दुसरी जुळणी मागवता येते.

काही मागवण्याआधी आठ-पंधरा दिवस सध्याच्याच टॉर्चकडे लक्ष द्या. ती कधी काढली, कशावर मारली, किती लांब, हे मनात टिपत जा. बहुतेकांच्या लक्षात येतं की नव्वद टक्के काम हातभर ते खोलीभर अंतरातलं असतं: कुलपाची फट, टेबलामागची वायर, बॅगेचा तळ, अंधारा जिना, झोपलेल्या माणसाला न उठवता पाणी पिऊन येणं. यातल्या शेवटच्या कामाला एक लुमेनही जास्त होतो. वायर शोधायला दहा-वीस लुमेन लागतात, जिन्याला शंभर पुरतात. तीन-चारशेच्या वरचा उजेड बाहेर, मोकळ्यावर लागतो, आणि तोही थोडा वेळ. तुमचं काम खरोखर वेगळं असेल, म्हणजे शेतावरची फेरी किंवा मोठ्या आवाराची राखण असेल, तर पुढचा बराचसा हिशोब बदलेल. पण आधी ते स्वतःला कळलेलं असावं.

आता ४००० लुमेनबद्दल. डोळा उजेड सरळ पटीत मोजत नाही. उजेड दुप्पट भासायला लुमेन साधारण चौपट लागतात. म्हणजे १००० वरून ४००० वर गेल्यावर ‘दुप्पट’ वाटेल, पण उष्णता मात्र चौपटीहून जास्त निघेल. थोडं गणित करू. खिशात मावणाऱ्या टॉर्चमध्ये ४००० लुमेन काढायला सुमारे ५० वॅट ओतावे लागतात आणि त्यातले तीसेक तरी उष्णतेत जातात. शंभर ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापायला ९० ज्यूल लागतात. म्हणजे दर तीन सेकंदांना एक अंश, मिनिटात वीस अंश. दोन मिनिटांत ती हातात धरवणार नाही, म्हणून त्याच्या बऱ्याच आधी ड्रायव्हर उजेड खाली आणतो. मुठीत मावणारी १८६५० (सेलचं एक माप, पुढे येईल) ची टॉर्च जो उजेड सलग पेलू शकते तो साधारण ३०० ते ६०० लुमेनच्या घरात असतो, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

आकडे वाचताना टॉर्चचा उजेड आणि वेळ मोजण्याचं एफएल१ हे मानक माहीत असू द्या. त्यात लुमेन मोजायला सुरुवात होते टॉर्च लावल्यानंतर तिसाव्या सेकंदाला. किती वेळ चालते हे सांगताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. त्यामुळे ‘तीन तास’ लिहिलेली टॉर्च त्यातला बराच वेळ मंद जळत असू शकते. वेळेनुसार उजेड कसा उतरतो याचा आलेख मिळाला तर तोच बघा. एक आकडा सांगण्यापेक्षा तो आलेख कितीतरी प्रामाणिक असतो.

माझ्या मते टॉर्चची खरी परीक्षा तिच्या सगळ्यात खालच्या पातळीवर होते. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि शंभर लुमेनचा एक झोत ते सगळं क्षणात घालवतो. अर्ध्या लुमेनच्या आसपास, न लुकलुकता जळणारी पातळी असेल आणि ती बंद स्थितीतून थेट लावता येत असेल, तर ती टॉर्च तुम्ही रोज वापराल. प्रत्येक वेळी आधी डोळे दिपवून मग खाली उतरणारी टॉर्च महिनाभरात ड्रॉवरमध्ये जाते.

उजेडाचा रंग हा या छंदाचा गाभा आहे, इथे घाई करू नका. तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या असतात. पहिली रंगतापमान, केल्विनमध्ये: २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ४००० ते ४५०० मधला, ५००० च्या आसपास दुपारच्या उन्हासारखा पांढरा आणि ६५०० म्हणजे निळसर. दुसरी सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते. यात एक मेख आहे. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असतो. गडद लाल त्यात धरलेलाच नसतो, त्याचा आकडा वेगळा, आर९. आर९ कमी असेल तर लाकूड, त्वचा, जखम, तपकिरी आणि लाल वायर हे सगळं एकसारखं मातकट दिसतं. तिसरी गोष्ट छटा, टिंट: त्याच केल्विनचा उजेड हिरवट असू शकतो किंवा गुलाबीकडे झुकलेला. यासाठी डीयूव्ही हा आकडा देतात. तो शून्याच्या वर गेला की हिरवट, खाली गेला की गुलाबी. बहुतेकांना थोडा खालचा आवडतो. हिरवट छटा एकट्या टॉर्चमध्ये जाणवतही नाही, पण दोन टॉर्च पांढऱ्या भिंतीवर शेजारी-शेजारी मारल्या की तीच आधी डोळ्यांत भरते.

एलईडींची यादी लांबलचक आहे, पण सुरुवातीला तीन-चार नावं पुरतात. निचिआची ५१९ए ही आज माझ्या दृष्टीने सगळ्यात बिनधोक निवड आहे: सीआरआय ९० च्या वर, लाल रंग चांगला, छटा स्वच्छ. तिच्यावरचा सिलिकॉनचा घुमट काढून घेतला, म्हणजे डीडोम केली, तर उजेड आणखी उबदार होतो, हिरवटपणा जातो आणि झोत थोडा आवळतो. लुमेन मात्र कमी होतात. निचिआचीच जुनी २१९बी तिच्या गुलाबीसर छटेमुळे आजही शोधली जाते. ल्युमिनसची एसएसटी-२० ही ४००० केल्विनमध्ये ९५ सीआरआयची मिळते आणि लांब फेकते, पण कमी पातळीवर हिरवी पडण्याची तिची खोड आहे, आणि तुमचा बराच वापर कमी पातळीवरचाच असणार. ऑस्रामच्या लहान चिपा दूरवर झोत टाकायला उत्तम, पण त्यांचा रंग थंड आणि सीआरआय कमी, त्यामुळे रोजच्या खिशासाठी मी त्या सुचवणार नाही. घरात आणि रात्री वापर जास्त असेल तर ४००० ते ४५००, दिवसाही कोपऱ्यांत, यंत्रांत डोकवायचं असेल तर ५०००.

झोताचं थोडक्यात. लांबवरचा पल्ला कँडेलावर, म्हणजे झोत एका दिशेला किती तीव्र आहे त्यावर ठरतो, लुमेनवर नाही. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटरमधलं अंतर मिळतं: १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण तिथे उरणारा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप), असतो. स्पष्ट दिसण्यासाठी त्याच्या निम्म्याहून कमी अंतर धरा. तीन किंवा चार एलईडींवर एकच प्लॅस्टिकची लेन्स बसवलेल्या टॉर्चचा झोत रुंद आणि मऊ असतो. एकच एलईडी आणि खोल रिफ्लेक्टर असेल तर मध्ये ठसठशीत गोल आणि भोवती फिकट कडं. जवळच्या कामाला पहिला प्रकार सुखाचा, आणि लेन्स धुरकट घेतली तर आणखी सुखाचा.

सेलच्या बाबतीत आकार म्हणजेच सगळं. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. १८३५० त्याच जाडीचा पण जवळपास निम्म्या लांबीचा, १४५०० नेहमीच्या पेन्सिल सेलच्या मापाचा, २१७०० सगळ्यात भरदार. ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, सेलची साठवण) च्या १८६५० मध्ये सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे शंभर लुमेनवर आठ-नऊ तास. १८३५० मध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, तीनेक तास. टॉर्च आखूड हवी हा मोह सगळ्यांना होतो, पण मी १८६५० पासून सुरुवात करायला सांगेन, आणि जमल्यास जिला आखूड नळीही मिळते अशी टॉर्च घ्या. पॅन्टच्या खिशात १८६५० जड वाटली तर नळी बदलता येते.

इथेच सुरक्षेचं बोलतो, कारण हे सेल गंभीरपणे घेण्याची वस्तू आहेत. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टच्या खाली वारंवार उतरवला तर खराब होतो. चार एलईडीच्या टॉर्चला पूर्ण जोरात दहा अँपिअरच्या बराच वर करंट लागतो. त्यामुळे सेल तेवढा करंट देणारा हवा. सॅमसंगचा ३०क्यू १५ अँपिअरचा आहे, तर जास्त साठवण असलेला ३५०० एमएएचचा एनसीआर१८६५०जीए १० अँपिअरचा. १८६५० वर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो सेल हातातही घेऊ नका. एवढी ऊर्जा त्या आकारात मावतच नाही. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टण फाटलं की सेल वापरातून काढा. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, डबीत ठेवा. विमानात सुटे सेल हातातल्या सामानातच न्यायचे, टोकं झाकून. बऱ्याच कस्टम टॉर्चना स्वतःचं चार्जिंग नसतं, त्यामुळे चांगला वेगळा चार्जर याच खरेदीत धरा.

ड्रायव्हर म्हणजे सेल आणि एलईडीच्या मधला सर्किट बोर्ड. एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) ड्रायव्हर वरच्या पातळीला सेल जवळजवळ थेट एलईडीला जोडतो: सुरुवातीला प्रचंड उजेड, मग सेल उतरेल तसा तो उतरत जातो. ७१३५ नावाच्या, करंट ठरावीक ठेवणाऱ्या चिपा बसवलेला ड्रायव्हर दर चिपेमागे ३५० मिलिअँपिअर धरून ठेवतो. साधा, टिकाऊ, पण जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा. व्होल्टेज उतरवणारा बक किंवा चढवणारा बूस्ट ड्रायव्हर ऊर्जा कमी वाया घालवतो आणि उजेड सेल संपत येईपर्यंत एकसारखा ठेवतो. निवड असेल तर मी नेहमी हा शेवटचा घेईन. कमी पातळ्या कशा साधल्या आहेत हेही विचारा. एलईडी झपाट्याने चालू-बंद करून मंद केली असेल आणि तो वेग कमी असेल, तर टॉर्च हलवताना उजेडाचे तुकडे दिसतात. काहींचं त्याने डोकं दुखतं.

बटण आणि त्यामागचा प्रोग्रॅम हा मात्र पूर्ण सवयीचा मामला आहे. टॉयकीपर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरने लिहिलेला ‘अँड्युरिल’ हा खुला प्रोग्रॅम आज अनेक टॉर्चमध्ये येतो. एकदा दाबलं की चालू, दाबून धरलं की सगळ्यात मंद पातळीपासून हळूहळू वर, दोनदा दाबलं की जोरात, चारदा दाबलं की कुलूप. त्याच्या पोटात पुष्कळ काही आहे, पण सुरुवातीला साधा मोडच चालू असतो आणि तो पुरतो. एकच गोष्ट विचारात घ्या: ही टॉर्च घरातल्या आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या हातात जाणार का? जाणार असेल तर शेपटाकडे टक्कन वाजणारं साधं बटण आणि तीन ठरलेल्या पातळ्या हेच बरं. एचडीएस कंपनीच्या ‘रोटरी’ टॉर्चमध्ये तर मागची टोपी फिरवूनच उजेड कमी-जास्त होतो, समजावून सांगावंच लागत नाही.

खिशात आपोआप लागलेली जोरकस टॉर्च कापड जाळू शकते, म्हणून कुलूप ही चैन समजू नका. आणि इथे धातूचा विषय येतो. ॲल्युमिनियमच्या टॉर्चचे आटे ॲनोडाइज केलेले, म्हणजे त्यांवर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला असेल तर त्यांतून वीज जात नाही, त्यामुळे मागची टोपी पाव फेरा सैल केली की टॉर्च पूर्ण बंद. टायटॅनियम, तांबं, पितळ यांचे आटे उघडे असतात, ते सैल असतानाही वीज नेतात. त्यामुळे पाव फेऱ्याची ही सोय बहुतेक वेळा मिळत नाही, आणि भरवसा प्रोग्रॅममधल्या कुलुपावर ठेवावा लागतो. विकणारे हे क्वचितच सांगतात.

उष्णता वाहून नेण्यात तांबं सुमारे ३९०, ६०६१ ॲल्युमिनियम १६७, पितळ ११५ च्या आसपास आणि टॉर्चमध्ये वापरतात ते टायटॅनियम जेमतेम ७, वॅट प्रति मीटर-केल्विन. टायटॅनियममध्ये डोकं तापतं आणि उष्णता तिथेच अडकते, म्हणून चांगले कारागीर आत तांब्याचा गाभा बसवतात. तो आहे का, हे विचारूनच घ्या. तांब्याची टॉर्च पहिलं मिनिट-दीड मिनिट जोर जास्त टिकवते, कारण त्याच आकारात ती ॲल्युमिनियमच्या सुमारे १.४ पट उष्णता सामावून घेते. पण त्यानंतर उष्णता हवेत जाते ती पृष्ठभागातून, आणि तो तेवढाच असतो, त्यामुळे सलग उजेडात फारसा फरक पडत नाही. वजन मात्र ॲल्युमिनियमच्या तिप्पट-सव्वातिप्पट. तांबं काळवंडतं, हाताला वास येतो. ज्यांना ते आवडतं त्यांना फार आवडतं, आणि मी त्यांच्यातलाच आहे. टायटॅनियम ओरखडे झेलतं आणि तापवून त्यावर निळे-जांभळे रंग आणता येतात, पण त्याचे आटे कोरडे राहिले तर एकमेकांना धरून बसतात. त्यांना वंगण नियमित लागतं.

क्लिप टॉर्चला खोल धरणारी आणि स्क्रूने बसवलेली बघा. डोक्याचा व्यास २५ मिलिमीटरच्या आत असेल तर खिशात खुपत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी नेमकं सांगतो. ॲल्युमिनियमची, मागणीनुसार जुळवून मिळणारी १८६५० टॉर्च, ५१९ए, ४५०० केल्विन, धुरकट रुंद लेन्स, एलईडींची संख्या तीन-चार, बक किंवा बूस्ट ड्रायव्हरचा पर्याय असेल तर तो, एक भरवशाचा सेल आणि चार्जर. ही सहा महिने वापरा. मग कारागिराच्या टायटॅनियम किंवा तांब्याच्या टॉर्चसाठी यादीत नाव घाला. तिथे थांबावं लागतंच, आणि तोवर तुम्हाला कारागिराला काय विचारायचं ते माहीत झालेलं असेल: सगळ्यात मंद पातळी किती, एलईडी पुढे बदलता येईल का, डोकं उघडतं की चिकटवलेलं आहे, सुटे भाग मिळतात का.

जुनी, वापरलेली कारागिराची टॉर्च समोर आली तरी हेच प्रश्न लागू आहेत, शिवाय तीन जादा. पांढऱ्या भिंतीवर मंद आणि जोरकस अशा दोन्ही पातळ्यांवरच्या झोताचा फोटो मागा. आटे उघडून जवळून दाखवायला सांगा, खरवडलेले असतील तर सोडून द्या. आणि अंगात अंधारात चमकणाऱ्या ट्रिटियमच्या (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप) नळ्या बसवलेल्या असतील तर त्या कोणत्या वर्षीच्या हे विचारा. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं आहे. सहा वर्षांनी त्यातलं सुमारे ७० टक्केच उरलेलं असतं, तेव्हा त्या नळ्यांचे नव्या नळ्यांइतके पैसे मोजू नका. काही देशांत त्या आणण्यावर बंधनं आहेत, तेही आधी बघून घ्या.